अज्ञान आणि सज्ञान

सात-बाराच्या उताऱ्यावर एखाद्या लहान मुलाचे नाव लागले, म्हणजे तलाठी त्या नावापाशी ‘अ. पा. क.’ अशी तीन अक्षरे लिहितो. अमुक हा अज्ञान, आणि त्याचा पालनकर्ता अमुक, एवढाच त्यांचा अर्थ. पुढे त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली, वयाचा दाखला दिला गेला आणि फेरफार मंजूर झाला, की ती अक्षरे निघून जातात आणि तोच मुलगा ‘सज्ञान’ होतो. कायद्याला अशी एखादी तारीख धरल्यावाचून गत्यंतर नाही. व्यवहार कोणाशी करावा आणि कोणाशी करू नये, हे त्याला ठरवावयाचे असते. १८७२ च्या करारविषयक कायद्याचा अर्थ लावताना प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली असा निर्णय दिला, की अज्ञानाने केलेला करार मुळातच निरर्थक होय. वाढदिवसाच्या आदल्या रात्री ज्याची सही कवडीमोलाची, त्याचीच सही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जन्मभर बांधून ठेवू शकते.

घरात मात्र हे असे एका रात्रीत होत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापर्यंत एक लांबट संधिकाल असतो. त्यात मूल पुरते अज्ञान नसते आणि पुरते सज्ञानही झालेले नसते. आईबाप आणि मुले यांच्यांत जे वितुष्ट येते, ते बहुधा याच काळात येते. आणि दोन्ही पक्षांची तक्रार ऐकली, तर त्या एकाच शब्दाभोवती घोटाळत असल्याचे दिसते. बाप म्हणतो, “याला जबाबदारीची जाणीव नाही.” मुलगा म्हणतो, “मला कोणी काही ठरवू देत नाही.” वरवर पाहता ही दोन निरनिराळी गाऱ्हाणी वाटतात. वस्तुतः ते एकच गाऱ्हाणे आहे. ज्याला काही ठरविण्याचा अधिकार नाही, त्याच्या माथी पडते ती जबाबदारी नव्हे. ते केवळ ओझे होय.

लोहा हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे, आणि आज तेथील घराघरांतील हा प्रश्न त्या रस्त्यासारखाच दोन्ही दिशांना गेलेला आहे. दहावीचा निकाल लागला, की थोड्या हुशार मुलामुलींना नांदेडला धाडावयाचे की लातूरला, याची खलबते सुरू होतात. दोन्ही शहरांत वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द तर शेतात राबणाऱ्या माणसालाही ठाऊक आहे. पंधरा-सोळा वर्षांचे पोर एका खोलीत दुसऱ्या दोघांबरोबर राहू लागते, मेसचा डबा खाते, पहाटे उठते आणि रविवारी चाचणी देते. घरी सोयाबीनचा भाव पडलेला असतो, कापसाची वेचणी चाललेली असते. कोठे एखादा तुकडा बटईने दिलेला असतो, कोठे सोने गहाण पडलेले असते. रात्री बापाचा फोन येतो. त्यात प्रश्न दोनच असतात. जेवलास का, आणि किती पडले?

या व्यवस्थेत मुलावर काय सोपविले गेले आहे आणि काय नाही, हे जरा बारकाईने पाहावयास हवे. सोपविलेले आहे ते फळ. ७२० पैकी इतके गुण आणावयाचे आणि सरकारी महाविद्यालयात जागा मिळवावयाची. न सोपविलेल्या गोष्टींची यादी मात्र लांब आहे. वैद्यक की शेतकी की आणखी काही, हे त्याने ठरविलेले नाही. शिकवणी कोणती, हे मामाने किंवा शेजारच्या गुरुजींनी ठरविले. पैसे कोठून आले, कर्ज किती, व्याज काय, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. “तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही पाहून घेऊ,” असे सांगितले गेले. हे वाक्य मायेने बोलले जाते, यात शंका नाही. परंतु त्याचा परिणाम असा होतो, की कर्जाचा आकडा मुलाला कळत नाही. त्याची सावली मात्र त्याच्यावर रात्रंदिवस पडून राहते. आकडा ठाऊक असला म्हणजे माणूस त्याच्याशी हिशेब करू शकतो. सावलीशी हिशेब होत नाही.

आणि जे फळ सोपविले, ते तरी त्याच्या हातातले आहे काय? २०२४ साली ‘नीट’ या परीक्षेस देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या एकंदर जागा त्या वेळी लाखाच्या थोड्या वर होत्या, आणि त्यांतील सरकारी जागा सुमारे निम्म्याच. म्हणजे सर्वांनी जीव तोडून अभ्यास केला असता, तरी वीस जणांतील एकोणीस जण बाहेर राहणारच होते. हे साधे त्रैराशिक आहे. जेथे वीसांतील एकोणिसांचे अपयश आधीच ठरलेले असते, तेथे अपयश हा बेजबाबदारपणाचा पुरावा कसा मानावा? बापाने मुलाकडून अभ्यासाची अपेक्षा ठेवावी, हे न्यायाचेच आहे. मुलाच्या हाती अभ्यासच असतो. क्रमांकाची अपेक्षा ही पावसाकडून करावयाच्या अपेक्षेसारखी आहे. शेतकरी पावसाबद्दल मुलाला दोष देत नाही, हे त्याला शिकवावे लागत नाही. गुणांबद्दल मात्र देतो, याचे कारण गुणांचे आभाळ त्याने कधी पाहिलेले नसते.

या स्थितीतून पहिली गोष्ट जन्माला येते, ती म्हणजे असत्य. चाचणीत दोनशे गुण पडले असता फोनवर साडेतीनशे सांगितले जातात. आईबापांना पुढे ते कळते, तेव्हा त्यांना गुण कमी पडल्याचे इतके दुःख होत नाही, जितके फसविले गेल्याचे होते. “आम्ही उन्हात राबलो आणि हा आम्हांला बनवीत राहिला,” हे शब्द अशा घरांत ऐकू येतात. राग रास्त आहे. तरीपण त्या मुलाच्या जागी उभे राहून पाहावे. त्याच्याजवळ खरे सांगण्याची कोणती सोय ठेवली होती? “मला हे जमत नाही” असे म्हणावे, तर घरचे सारे त्याग फुकट गेले असे त्यानेच जाहीर केल्यासारखे होते. खोटे बोलणे हा येथे दुष्टपणा नसून बहुधा मुदत मागण्याचा एक प्रकार असतो. सावकाराकडे बाप मुदत मागतो, आणि बापाकडे मुलगा.

कित्येक घरांत याचा शेवट न भरून येणारा झाला आहे. राजस्थानातील कोटा शहराचे नाव या कारणाने देशभर झाले. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणीवर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे सांगावे लागले. मन खचलेल्या माणसाला कोणत्याही वेळी बोलता यावे, म्हणून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनीसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतही बोलता येते. खोलीच्या भिंतीवर सूत्रांचे कागद चिकटविलेले असतात, त्यांतच हा क्रमांकही असावा.

आता याच भागातील जुन्या शेतकरी घराकडे वळावे. तेथे शाळा अपुरी होती, मारझोडही होती, आणि त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट तेथे चांगल्या रीतीने होत असे. जबाबदारी पायरीपायरीने उतरत असे, आणि प्रत्येक पायरीवर तिच्याबरोबर थोडा अधिकारही येत असे. कंधार-लोहा हा टापू लाल कंधारी गुरांचा. या जातीचे नावच कंधारवरून पडले आहे. सात-आठ वर्षांच्या पोराकडे वासरे येत. कोठे चारावयाची, पाणी केव्हा दाखवावयाचे, हे त्याचे तोच ठरवी. वासरू दुसऱ्याच्या पिकात शिरले, तर बोलणीही त्यालाच खावी लागत. मग मोठी गुरे, मग वखर, मग कोळपे. तिफण सर्वांत शेवटी. कारण वखरणीत चूक झाली तर पुन्हा वखरता येते, पण पेरणी वाकडी गेली तर ते तास हंगामभर सगळ्या शिवाराला दिसत राहते. म्हणजे कोणते काम केव्हा सोपवावयाचे, हे वयावरून जितके ठरे, त्याहून अधिक त्या कामातील चूक किती महाग पडेल यावरून ठरे.

लोहा तालुक्यातच माळेगाव आहे. मार्गशीर्षात तेथे खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर जनावरांचा मोठा बाजार. जनावरांच्या बाजारात दात पाहून वय ओळखावयाचे, चाल पाहून खोड ओळखावयाची, रुमालाखाली बोटे धरून भाव सांगावयाचा, हे सारे पोरगा बापाशेजारी उभा राहून शिकतो. एक दिवस बाप म्हणतो, “हा गोऱ्हा तू पाहा, तुला कसा वाटतो ते सांग.” गोऱ्हा पुढे खोडकर निघाला, तरी त्याची निवड ही मुलाचीच राहते आणि त्याला वठणीवर आणण्याचे कामही त्याच्याकडेच राहते. नांदेडच्या खोलीतील मुलाला चूक करावयास अशी मोकळी जागा मिळत नाही. त्याच्या आयुष्यातील पहिला स्वतंत्र व्यवहार हाच सर्वांत महागडा व्यवहार असतो. वासरे कधी न राखलेल्या पोराच्या हाती एकदम तिफण द्यावी, तसे हे होते.

मुलीची गोष्ट निराळी, आणि अधिक कठीण. तिच्यावर कामे लहानपणापासूनच पडतात. पाणी, भाकरी, धाकटी भावंडे. अधिकार मात्र कोणत्याच पायरीवर येत नाही. लोह्याच्या शेजारी परभणी जिल्हा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की तेथील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाली होती. साऱ्या महाराष्ट्राचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले, १९७८ साली ते अठरा झाले, २००६ साली नवा कायदा झाला. तरीही घरोघर कारण सांगितले जाते ते हेच, की “मुलगी वयात आली, जबाबदारी आहे.” येथे जबाबदारी कोणाची? बापाची. ती उतरविण्यासाठी सोळा वर्षांच्या मुलीवर अख्खा संसार चढविला जातो, आणि या फेरफारात तिचे मत कोणी विचारलेले नसते. मुलगा फोनवर खोटे बोलून तरी मुदत मागतो. मुलीला तेवढीही सवड बहुधा मिळत नाही. असे लग्न ठरत असल्याचे कळल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळविता येते, आणि कळविणारी ती मुलगी स्वतःही असू शकते.

या वयाच्या मनाविषयी गेल्या शंभर वर्षांत जे शास्त्रीय संशोधन झाले, त्यातील काही भाग आईबापांनी जाणून घेण्यासारखा आहे. ज्याँ प्याजे या स्विस शास्त्रज्ञाने मुले गोट्या कशी खेळतात याचे निरीक्षण करून १९३२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लहान मुलांना खेळाचे नियम वडीलधाऱ्यांकडून आलेले आणि अढळ वाटतात. दहा-बारा वर्षांच्या सुमारास त्यांना उमगते, की नियम म्हणजे खेळणाऱ्यांनी आपापसांत केलेला ठराव, आणि सर्वांची संमती असल्यास तो बदलताही येतो. कुमारवयातील मुलगा प्रत्येक आज्ञेला “का?” म्हणून विचारतो, त्याचे मूळ येथे आहे. बापाला ती उर्मटपणाची खूण वाटते. वस्तुतः ती बुद्धी वाढल्याची खूण असते. अर्थात् “का?” विचारण्याचा सूर सुधारण्यास पुष्कळ वाव असतो, हेही खरे.

दुसरी गोष्ट धाडसाची. २००५ साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर मोटार चालविण्याचा खेळ काहींनी एकट्याने खेळावयाचा आणि काहींनी मित्रांच्या देखत. प्रौढांच्या वागण्यात दोन्ही वेळी फारसा फरक पडला नाही. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी मित्र शेजारी असताना कितीतरी अधिक धोके पत्करले. एकटा असता समंजसपणे बोलणारा मुलगा टोळक्यात निराळा वागतो, यात ढोंग नसते. शांत मनाने विचार करण्याची शक्ती सोळाव्या वर्षाच्या सुमारास बरीचशी तयार झालेली असते, पण भर उत्साहात स्वतःला आवरण्याची शक्ती विशीच्या पुढेपर्यंत वाढत राहते. म्हणून खोलीचा खर्च सांभाळण्याचे काम सोळा वर्षांच्या मुलाकडे निर्धास्तपणे द्यावे, आणि मोटारसायकलची किल्ली मात्र देऊ नये. व्यवहारात पुष्कळदा नेमके उलटे घडते. गावात पंधरा वर्षांचा पोरगा दोघांना मागे बसवून गाडी हाकतो याचे कौतुक होते, आणि त्याच्या हाती पाचशे रुपये देताना हात आखडतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकालाच तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, हे सांगितले म्हणजे मग किल्ली खिशात जाते.

तिसरी गोष्ट झोपेची. ती क्षुल्लक वाटते, पण घरातील निम्मी भांडणे हिच्यावरूनच होतात. या वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते. झोप उशिरा येते आणि उशिरापर्यंत हवीशी वाटते. आठ ते दहा तासांची झोप या वयाला आवश्यक मानली जाते. पहाटे चारला उठणारा शेतकरी बाप सातला न उठणाऱ्या मुलाला आळशी म्हणतो, तेव्हा तो आपल्या शरीराने मुलाचे शरीर मोजीत असतो.

अधिकार हाती आला म्हणजे याच वयाची मुले काय करू शकतात, याचे उदाहरण मराठवाड्याच्याच इतिहासात आहे. त्या काळी लोहा आणि सारा नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९३८ च्या अखेरीस तेव्हाच्या औरंगाबादेतील इंटरमीजिएट कॉलेजच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनी संप केला, तो हैदराबादेतील उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचला, आणि शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले. सोळा-सतरा ते वीस-एकवीस वर्षांची ही मुले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, आणि त्यांनी परक्या प्रांतात राहून शिक्षण पुरे केले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. संस्थानात राहणाऱ्या आईबापांना त्या दिवसांत झोप लागली नसेल, हे सांगावयास नको. या मुलांचा निर्णय सर्वांनाच पटला असेल असेही नाही. पण निर्णय त्यांचा होता, म्हणून परिणामही त्यांनी आपले म्हणून सोसले. एक वर्ष वाया गेल्याचे खापर फोडण्यास त्यांना कोणी दुसरा शोधावा लागला नाही.

मग लोह्याच्या घराने करावयाचे काय? सोळावे वर्ष लागले, की मुलाला मित्र समजावे, असे एक जुने संस्कृत वचन आपल्याकडे वडीलधारे आवडीने सांगतात. बापाने मुलाचा मित्र व्हावे, ही कल्पना गोड आहे; परंतु मित्राला माणूस आपला हिशेब दाखवितो, हे त्यात विसरले जाते. पहिले काम तेच. एका संध्याकाळी वही काढावी. एवढी शेती, एवढे उत्पन्न, एवढे कर्ज, एवढा तुझ्या शिक्षणाचा वाटा. दोन वर्षे हे आम्हांला झेपेल, तिसरे वर्ष झेपणार नाही. इतके स्पष्ट सांगितल्याने मूल भिऊन जाईल, ही भीती बहुतेक अनाठायी असते. ते आधीच भ्यालेले असते. दुसरे काम असे, की महिन्याचा खर्च त्याच्या हाती एकरकमी द्यावा आणि मधूनमधून भर घालू नये. वीस तारखेला पैसे संपले, तर उरलेले दहा दिवस कसे काढले एवढेच विचारावे. तिसरे काम सर्वांत अवघड. परत येण्याची वाट खोलीवर धाडण्यापूर्वीच ठरवून ठेवावी. सहा महिन्यांनी हे आपले क्षेत्र नव्हे असे वाटले, तर तसे सांगण्याचा त्याला हक्क आहे, आणि तसे सांगितल्यास घरात काय बोलले जाईल व काय बोलले जाणार नाही, हे दोघांनी आधीच कबूल करावे. ही वाट ठाऊक असलेली फार थोडी मुले तिच्यावरून परत येतात. पण ती आहे, एवढ्यानेच फोनवरचे आकडे खरे होऊ लागतात.

मुलाच्या बाजूनेही काही देणे लागते. अधिकार मागणाऱ्याने चाचणीचा खरा आकडा त्याच रात्री सांगावा, तो कितीही कमी असो. मेसचे पैसे भलतीकडे खर्च झाले असल्यास तेही सांगावे. सुगीच्या दिवसांत दोन दिवस घरी येऊन रास होईपर्यंत थांबावे. त्याने अभ्यास बुडत नाही, आणि सोयाबीनच्या कट्ट्याला काय भाव मिळाला हे कोणी न सांगता कळते.

आणि आणखी एक काम आहे, जे आज जवळजवळ प्रत्येक घर मुलाच्या हातून काढून घेते. प्रवेशाच्या दिवसांत उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयर, असे एकामागून एक कागद लागतात. तहसिलीच्या आणि सेतू केंद्राच्या पायऱ्या बाप झिजवितो, कधी काका मजुरी बुडवून रांगेत उभा राहतो, आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे तो “तू अभ्यास कर” या आज्ञेनुसार खोलीत बसलेला असतो. ही रांग त्याची आहे. कोणत्या खिडकीवर काय मागतात, कोणत्या कागदावर नावातील एक अक्षर चुकले आहे आणि ते कोणाकडून दुरुस्त करून घ्यावयाचे, हे त्यालाच पाहू द्यावे. पहिल्या दिवशी तो रिकाम्या हाताने परत येईल, कारण रेशनकार्डाची प्रत न्यावयाची राहिली असेल. दुसऱ्या दिवशी ती घेऊन जाईल.